हृदयविकार आणि निवृत्त कामगाराचा हक्क

साखर कारखान्यात तीस-पस्तीस हंगाम राबलेला कामगार निवृत्तीच्या जवळ येतो आणि नेमकी त्याच सुमारास छातीतील कळ त्याला पेचात टाकते. शस्त्रक्रिया आताच करावी, की हंगाम संपेपर्यंत थांबावे? फंडाची रक्कम तीत घालावी, की मुलीच्या लग्नासाठी राखावी? माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात, म्हणजेच बारामती व इंदापूर तालुक्यांत, हे प्रश्न कार्यकर्त्यांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. वरवर पाहता ते वैद्यकाचे आहेत. वस्तुतः ते अर्थकारणाचे आहेत.

प्रथम दोन अवस्थांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. हृदयविकाराचा झटका आला असता रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली असते आणि मिनिटागणिक हृदयाचा स्नायू मरत असतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन वा अँजिओप्लास्टी पहिल्या काही तासांत मिळाली तरच तिचा खरा उपयोग. तेथे विचाराला अवकाशच नाही आणि इंदापूरहून पुणे सुमारे १४० किलोमीटर दूर आहे.

चढ चढताना छाती भरून येते आणि थांबताच बरे वाटते, ही अवस्था निराळी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘करेज’ आणि पाच हजारांवर रुग्णांचा समावेश असलेल्या २०१९-२० च्या ‘इस्केमिया’ या अभ्यासांनी दाखवून दिले की, अशा स्थिर अवस्थेत योग्य औषधोपचार चालू असता लगोलग स्टेंट बसवल्याने मृत्यूचे प्रमाण घटत नाही. वेदना मात्र अधिक कमी होते. डाव्या मुख्य धमनीतील अडथळ्यासारखे अपवाद आहेतच. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेण्यास अशा रुग्णाला सवड असते. ‘आजच पैसे भरा’ या धाकापोटी जमीन गहाण टाकण्याचे कारण नाही. तसेच निवृत्तीची वाट पाहत औषधे टाळण्याचेही नाही.

कोणी म्हणेल, सरकारची योजना आहे, मग तक्रार कसली? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ साली झाला, त्याचे स्वागतच आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली गेली, तेव्हा त्याआधी रुग्णांची किती लूट चालली होती हेही उघड झाले. परंतु योजना प्रामुख्याने रुग्णालयातील उपचारांचा भार उचलते. आयुष्यभर घ्यायच्या गोळ्या, तपासण्या आणि पुण्याच्या खेपा कोणी सोसायच्या? भविष्यनिर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम २०१४ साली महिना १,००० रुपये ठरली. ती ७,५०० करावी म्हणून वृद्ध कामगारांना रस्त्यावर उतरावे लागले, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

कुणालाही ऐपत नाही म्हणून उपचार नाकारले जाऊ नयेत, हे तत्त्व भोर समितीने १९४६ साली मांडले. त्या तत्त्वाला अनुसरून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे हृदयरोगाचे सर्व उपचार अहोरात्र मिळाले पाहिजेत. इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन कोणत्याही प्रहरी उपलब्ध हवे. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत देण्याचे बंधन १९७२ च्या कायद्यापासून आहे. ते काटेकोरपणे पाळले जावे. आणि ज्यांच्या घामावर कारखाने उभे राहिले, त्या निवृत्तांच्या औषधांसाठी प्रत्येक कारखान्याने कायम निधी उभारावा.

कार्यकर्त्यांनी केवळ ठरावावर थांबू नये. पुढील दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्यांची यादी प्रत्येक शाखेने करावी, त्यांची रक्तदाब व साखरेची तपासणी करवून घ्यावी, योजनेची कागदपत्रे आधीच पुरी करावीत. कामगाराच्या हृदयावरील उपचार त्याच्या प्रकृतीने ठरावेत, निवृत्तीच्या तारखेने नव्हे. एवढे साधले तरी सहकार या शब्दाची थोडी लाज राखली जाईल.