बाटलीतील साखर आणि मळ्यातील घाम

१९०७ साली दक्षिण फ्रान्समधील द्राक्षबागाईतदार, साखर घालून बनविलेल्या द्राक्षमद्यामुळे आपल्या मालाचा भाव कोसळतो म्हणून, रस्त्यावर उतरले. क्लेमांसो सरकारच्या सैन्याने नार्बोन येथे निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. त्यानंतरच, २९ जूनला, भेसळविरोधी कायदा झाला. परंतु मद्यार्क द्राक्षाचा की बीटच्या साखरेचा, हे सिद्ध कसे करावे? चवीला दोन्ही सारखेच. १९८० च्या दशकात नांत येथील जेरार व मारीव्होन मार्तँ या शास्त्रज्ञांनी उत्तर दिले : मद्यार्कातील जड हायड्रोजनच्या प्रमाणावरून मूळ वनस्पती ओळखता येते. विज्ञानाने पुरावा दिला. कायदा मात्र लढ्यानेच मिळविला. म्हणूनच ही तपासणी व्यापाऱ्याच्या मर्जीवर न सोडता सार्वजनिक प्रयोगशाळेतच झाली पाहिजे. कष्टकऱ्याचा घाम भेसळीत बुडता कामा नये!