जीप ठरवताय? आधी खाली वाका!

दोस्तहो, सुट्टी लागली की होस्टेलवर एकच चर्चा, गाडी कोणती आणि भाडं किती! टायर कसे आहेत, कोणी विचारतच नाही. पेपरात सस्पेन्शनवर पानं भरणारे आपण, भाड्याच्या जीपखाली वाकायला लाजतो. मला हे पटत नाही.

आमच्या हिंगोलीकडे औंढा नागनाथला डांबरी रस्त्याने कुठलीही गाडी जाईल. पण पावसाळ्यात मित्राच्या शेतावर जायला पाणंद रस्ता धरला की खाली काळी माती. ती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत गच्च बसते आणि चाक जागेवरच फिरतं. कायद्याने खाच किमान १.६ मि.मी. हवी, चिखलात तेवढी अजिबात पुरत नाही. टायरच्या बाजूच्या भेगा, पाट्याचं तुटलेलं पान, ब्रेक ऑइलची गळती टॉर्च मारून बघा. 'फोर बाय फोर'च्या स्टिकरवर जाऊ नका; मऊ जमिनीवर गियर टाकून पुढची चाकं ओढतात का ते पाहा. स्टेपनीतली हवाही तपासा. (हा शब्द आपला देशी वाटतो ना? तो आलाय वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून!)

"काका रागावतील" म्हणून गप्प बसणं हा काही संस्कार नव्हे. मागे आपलेच ज्युनियर बसणार असतात. काकांना सोबत घेऊनच बघा, जुन्या पोचांचे फोटो काढा, म्हणजे डिपॉझिटवरून वाद नको. आणि नंबरप्लेट पांढरी असेल तर सरळ नको म्हणा. खासगी गाडी भाड्याने फिरताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते.