महाग कोण, मुलगा की मुलगी?

दांडीत राहणाऱ्या माझ्यासारख्या बापाला विचारा, मुलीला इंजिनिअरिंगला का नाही पाठवलं? उत्तर तयार असतं : परवडत नाही. मीही 2024 साली हेच म्हणालो. मुलीने सीईटी दिली होती. मी म्हणालो, पालघरला बी.ए. कर, जवळ आहे, स्वस्त आहे.

हा हिशेब खोटा होता, आणि तो मीच केला होता.

मुलगा दोन वर्षं आधी मुंबईला इंजिनिअरिंगला गेला. त्याच्या कॉलेजची फी वर्षाला 1,10,000 : शिक्षण शुल्क एक लाख, विकास शुल्क दहा हजार. ओबीसी दाखल्यामुळे शिक्षण शुल्क निम्मं झालं. म्हणजे वर्षाला साठ हजार, चार वर्षांचे 2,40,000. खोली आणि मेस वेगळी. तेव्हा घरात 'परवडत नाही' हा शब्द कुणी काढला नाही.

8 जुलै 2024 ला शासन निर्णय निघाला. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुली केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्या, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. त्याच कॉलेजात माझ्या मुलीला वर्षाला दहा हजार पडले असते, चार वर्षांचे चाळीस हजार. भावापेक्षा दोन लाख कमी! तेवढ्यात तिच्या वसतिगृहाचा बराचसा खर्च निघाला असता.

पण तिच्याकडे जातीचा दाखलाच नव्हता. भावाचा वेळेवर काढला होता, वैधता प्रमाणपत्रासकट. 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा शोधायला मी दादाजींच्या शाळेपर्यंत गेलो होतो. मुलीसाठी त्याच कागदांची झेरॉक्स काढायची होती. मी तीही काढली नाही. दाखल्याशिवाय पूर्ण फी, म्हणून मी नकार दिला. तिचं एक वर्ष माझ्या आळसाने गेलं. त्याला गरिबी म्हणायची मला लाज वाटते.

आपण सरकारच्या नावाने बोलतो, आणि बोलायलाच हवं. 2014 साली मुस्लिमांना दिलेलं पाच टक्के आरक्षण विरून गेलं. शिक्षणातलं आरक्षण हायकोर्टाने रोखलं नव्हतं, तरी त्याचा कायदा झाला नाही. पण जे हातात आहे ते तरी घेतो का? मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी ओबीसीत आहेत. जे कुठल्याच यादीत नाहीत, त्यांना अटी पूर्ण केल्या तर ईडब्ल्यूएसचा दाखला आहे.

कुणी म्हणेल, मुलगी दूर राहील, जमाना खराब आहे. मग तसं सांगा. त्यावर बोलता येईल, चांगलं वसतिगृह शोधता येईल. भीतीला खर्चाचं नाव देऊ नका. आणि निकाहच्या जेवणावळीला कर्ज काढणाऱ्याने तर मुलीच्या फीबद्दल बोलूच नये.

मुलगी दहावीला असतानाच दाखल्याचा अर्ज करा. भावाचं किंवा बापाचं वैधता प्रमाणपत्र असेल तर काम सोपं होतं. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते, ती पाहा. शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगळं मांडा. खासगी आणि अभिमत विद्यापीठांत, व्यवस्थापन कोट्यात ही माफी नाही, हे आधीच लक्षात ठेवा. मग मेस, खोली, रेल्वेचा पास जोडा आणि चार वर्षांची बेरीज करा.

बेरीज मुला-मुलीची एकाच कागदावर करा. इन्साफ तिथूनच सुरू होतो.