मोल सोन्याचे की हाताचे?

अलंकाराचे मोल कशावरून ठरवावे? ‘वजनावरून’, असे उत्तर कोणीही व्यवहारी मनुष्य तत्काळ देईल. आम्हांस ते अपुरे वाटते, आणि साक्षीसाठी आम्ही प्राचीन मिसर देशास पाचारण करतो.

१९२२ साली हॉवर्ड कार्टर यांस तुतनखामेन या तरुण राजाचे थडगे सापडले. त्यातील जडावाचा सुवर्णमुखवटा दहा किलोंहून अधिक वजनाचा आहे. त्याच्या भुवया लाजवर्दाच्या. हा निळा दगड थेट आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानातून येत असे. परंतु शिरोवस्त्रावरील निळे पट्टे रत्नांचे नव्हेत, काचेचे आहेत! काच घडविणे ही त्या काळी दुर्मिळ विद्या होती; त्या विद्येमुळेच काचेस सोन्याच्या कोंदणात मानाचे स्थान मिळाले.

त्याच देशात सुमारे ३,१०० वर्षांपूर्वी थडगी फोडणाऱ्या चोरांचे कबुलीजबाब पपायरसावर लिहिलेले आढळले आहेत. त्यांनी राजाच्या देहावरील सोने ओरबाडले, आपसांत वाटून घेतले आणि शवपेट्या जाळल्या. त्यांच्या लेखी दागिना म्हणजे केवळ वजन!

आजीची ठुशी किंवा वज्रटीक जुन्या घडणीची म्हणून मोडीत देताना आपण तरी निराळे काय करतो? अडीअडचणीला सोने मोडावे लागते, हे आम्हांस मान्य आहे. पण निव्वळ नव्या चालीच्या हौसेपायी मोडू नये.

मिसर दूर राहिला. आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील उशेगाव व केसलागुडा ही गावे पाहा. तेथील वोज कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून नक्षी घडवितात, वरून मातीचा लेप देतात आणि साचा भाजतात. मेण वितळून जाते. त्याच्या जागी पितळेचा रस ओततात. साचा फोडल्यावाचून वस्तू निघत नाही, म्हणून एका साच्यातून एकच नग. या डोक्रा कामास २०१८ साली भौगोलिक मानांकन लाभले. तराजूत घातले तर ते केवळ पितळ!

विद्यार्थी मित्रांनो, घरातील जुना दागिना मोडीत जाण्यापूर्वी त्याचे नाव वडीलधाऱ्यांस विचारा, त्याचे चित्र काढून ठेवा. आणि सहलीचा बेत ठरेल तेव्हा गुरुजनांस उशेगावचे नाव सुचवा. पितळ ओतणारे ते हात आपल्या इतक्या जवळ असता आपण ते पाहिलेच नाहीत, असे होऊ नये.