फ्री अँटीव्हायरस पुरेसा आहे का? स्वतंत्र चाचण्या काय सांगतात?

लॅपटॉपच्या कोपऱ्यात 'तुमचं संरक्षण संपलं आहे, आत्ताच रिन्यू करा' असा लाल मेसेज येतो आणि प्रश्न पडतो, पैसे भरायचे की फ्री अँटीव्हायरसवर भागवायचं? कंपन्यांच्या जाहिराती बाजूला ठेवून स्वतंत्र प्रयोगशाळांचे निकाल पाहिले, तर याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट मिळतं.

चाचणी कशी होते?

जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन संस्थांचे निकाल जगभर पाहिले जातात. एव्ही-टेस्ट तीन गोष्टींना प्रत्येकी ६ गुण देते. व्हायरस किती अडवले, कॉम्प्युटर किती स्लो झाला आणि चांगल्या फाइलला चुकून व्हायरस ठरवलं का? एकूण गुण १८. त्यातले किमान १७.५ मिळाले, तर 'टॉप प्रॉडक्ट'चा शिक्का बसतो.

फ्री अँटीव्हायरसला किती गुण?

विंडोजसोबत फुकट येणाऱ्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचं उदाहरण घ्या. २०१२च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या तेव्हाच्या फ्री अँटीव्हायरसला, म्हणजे 'सिक्युरिटी इसेन्शियल्स'ला, एव्ही-टेस्टचं प्रमाणपत्रही मिळालं नव्हतं. गेल्या काही वर्षांत मात्र डिफेंडरने अनेकदा १८ पैकी १८ गुण मिळवले आहेत. अवास्ट आणि एव्हीजी यांच्या फ्री आवृत्त्याही वरच्या रांगेत दिसतात.

याचं कारण साधं आहे. एकाच कंपनीच्या फ्री आणि पेड आवृत्तीत व्हायरस पकडणारं इंजिन बहुतेकदा एकच असतं. पैसे भरल्यावर मिळतात ती व्हीपीएन, पासवर्ड मॅनेजर, कस्टमर सपोर्ट अशी जादा फीचर्स.

एक मेख मात्र आहे. डिफेंडर बराचसा क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून मिळणाऱ्या माहितीवर अवलंबून असतो. नेट बंद असताना त्याची व्हायरस ओळखण्याची क्षमता कमी होते, हे एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जच्या चाचण्यांमध्ये दिसलं आहे. झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेला पेनड्राइव्ह लावताना हे लक्षात ठेवा.

गुणांमध्ये काय दिसत नाही?

फ्री अँटीव्हायरसची किंमत तुम्ही दुसऱ्या मार्गाने मोजताय का, हे या गुणांमधून कळत नाही. अवास्टची जंपशॉट ही उपकंपनी युजर्सच्या ब्राउझिंगचा डेटा विकत होती, हे जानेवारी २०२०मध्ये उघड झालं. त्यानंतर जंपशॉट बंद करण्यात आली. २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच प्रकरणात अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. म्हणजे व्हायरस पकडण्यात चांगले गुण मिळवणाऱ्या कंपनीनेच युजर्सचा विश्वास मोडला होता.

मोबाइलवर तर आणखी सावध राहायला हवं. २०१९मध्ये एव्ही-कम्पॅरेटिव्ह्जने अँड्रॉइडवरची २५० अँटीव्हायरस अ‍ॅप्स तपासली. धोकादायक अ‍ॅप्सपैकी ३० टक्क्यांहून जास्त पकडणारी आणि एकही चुकीचा इशारा न देणारी निघाली फक्त ८०.

मग करायचं काय?

अपडेटेड विंडोज ११ वापरत असाल, तर घरगुती वापरासाठी डिफेंडर पुरेसा आहे. तो सुरू आहे ना, एवढं तपासा. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. सिस्टिममध्येच राहिलेली भोकं कुठलाही अँटीव्हायरस बुजवत नाही, फ्री असो वा पेड. दोन अँटीव्हायरस एकत्र चालवू नका, ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. दुसरा फ्री अँटीव्हायरस टाकायचाच असेल, तर इन्स्टॉल करताना डेटा शेअरिंगचे पर्याय वाचा आणि बंद करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला तुम्ही स्वतःच ओटीपी सांगितलात, तर १८ पैकी १८ गुणांचा अँटीव्हायरसही तुमचे पैसे वाचवू शकत नाही.