गॅस संपला म्हणे!

अमेरिकेत मोटारहोमचा एसी गार करेना, की मेकॅनिकचं ठरलेलं उत्तर: गॅस संपलाय, नवा बसवा. अहो, गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे, जळून संपायला? बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. कमी झाला तर कुठेतरी गळतोय. त्यातून छपरावरचे बहुतेक एसी कारखान्यातूनच सीलबंद येतात, गॅस भरायची तोटीच नसते!

मुलाच्या गाडीचा एसी असाच 'मेला' होता. मी पडले मराठी शिकवणारी, पण थर्मामीटर वाचता येतो. आत ओढली जाणारी आणि झोतातून येणारी हवा यांत साधारण 9 ते 12 अंश सेल्सिअस फरक हवा. आमचा भरला 4. वीजही पाहिली. गर्दीच्या कॅम्पात 120 व्होल्टचे 105 च्या खाली गेले तर कॉम्प्रेसर धापा टाकतो. ती ठीक होती. मग मुलाने वीज तोडून छपरावरचं कव्हर काढलं, तर कॉइलवर धुळीची गोधडी! उष्णता बाहेर पडणार कुठून? हलक्या हाताने धुतली. फरक 10 वर आला.

मेकॅनिकने तपासणीचे पैसे मात्र घेतलेच. तपासणी कसली... शिडीसुद्धा लावली नव्हती त्याने.