नवी बॅटरी आणि गिऱ्हाइकाचा भरवसा

देवनारशेजारी चेंबूरला १९२७ पासून गोल्फ क्लब आहे. आमच्या गोवंडी-देवनारच्या कारागिराला गोल्फ खेळायचा नाही. पण गोल्फची गाडी आणि दुकानातला इन्व्हर्टर यांच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांचा धर्म एकच.

गाडीची नवी बॅटरी पहिल्या दिवशी पूर्ण ताकद देत नाही. त्यासाठी साधारण २० ते ५० वेळा चार्ज होऊन उतरावे लागते. गिऱ्हाइकाला हे कोणी सांगत नाही. मग ते आठवड्यात तक्रार घेऊन येते आणि कारागीर नाहक बदनाम होतो.

म्हणून आमचे मत असे की, प्रत्येक बिलामागे चार ओळी छापाव्यात. वापरण्याआधी पूर्ण चार्ज करा. सुरुवातीला निम्म्याखाली उतरवू नका. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर प्लेटांवर सल्फेट बसते. डिस्टिल्ड वॉटरच घाला, तेही चार्जिंगनंतर. प्लेटा उघड्या असतील तर मात्र आधी त्या बुडण्यापुरते. खोली हवेशीर ठेवा, कारण चार्जिंगमध्ये निघणारा हायड्रोजन ठिणगीने भडकतो.

छपाईला फारसा खर्च नाही. बॅटरी वेळेआधी बसली तर गिऱ्हाईक कंपनीला नव्हे, विकणाऱ्याला धरते, हे व्यापारी बंधूंनी विसरू नये.